खिडकीखालची पट्टी: एका बाथरूममध्ये रंग दोनदा का उखडला

पार्श्वभूमी

मी घरदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करते. हे प्रकरण अशाच एका कामातले आहे. घरातल्या माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मोजमापे आणि घटनांचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे.

घरात नवरा-बायको आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. सून त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणू लागले. बाथरूमचे नूतनीकरण माझ्याकडे येण्याआधी सात-आठ महिने झाले होते. फरशी, टाइल्स, नळ आणि सरकती अॅल्युमिनियमची खिडकी असे सगळे नवीन बसवले होते. जुनी राहिली होती ती एकच वस्तू, खिडकीखालची लाकडी फळी. ११०० मिलिमीटर लांब, १५० रुंद, २५ जाड. घर बांधताना बाबांनी सुतारासोबत उभे राहून ती बसवून घेतली होती. नूतनीकरणाच्या वेळी ती काढायला त्यांनी साफ नकार दिला. मग ठेकेदाराने तिच्यावर पांढरा ऑइलपेंट मारला आणि टाइल्स तिच्या कडेपर्यंत आणून थांबवल्या.

ही खिडकी शॉवरच्याच भिंतीत आहे. शॉवर तिच्यापासून जेमतेम दोन फुटांवर. भिंत नऊ इंची, खिडकी बाहेरच्या अंगाला बसवलेली, म्हणून आतल्या बाजूला सहा इंचांची जागा तयार होते. अशी जागा कुठल्याही घरात रिकामी राहत नाही. शॅम्पू, तेलाची बाटली, दाढीच्या फेसाचा डबा, घासणी, सगळे तिथेच. स्टुलावर बसून आंघोळ झाली की बाबा उठताना हातही त्याच फळीवर टेकत. हे मला दुसऱ्या भेटीत कळले. पुढचे बरेच निर्णय त्यावरून ठरले.

अडचण

पहिला रंग पाच महिन्यांत फुगला. डाव्या कोपऱ्यात आधी फोड आले, मग पोपडे सुटले. रंगाऱ्याला पुन्हा बोलावले. त्याने पोपडे खरवडले, लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला आणि वर दोन हात रंग. या वेळी रंग "पाण्याला दाद न देणारा" होता. तो तीन महिन्यांत गेला.

मला विचारलेला प्रश्न साधा होता: "ताई, आता कोणता रंग लावू म्हणजे टिकेल?"

प्रश्न ऐकताना माझे लक्ष त्या दोन आकड्यांवर अडकले. दुसरा रंग चांगला होता, हातही जास्त मारले होते, तरी तो लवकर गेला. दोष रंगाचा असता तर उलट व्हायला हवे होते. याचा अर्थ पहिल्या वेळी लाकूड थोडेफार कोरडे होते आणि दुसऱ्या वेळी रंग ओल्या लाकडावर बसला. पाणी वरून मुरत नव्हते, ते लाकडात आधीच होते आणि बाहेर पडायला वाट शोधत होते. वरचा रंग जितका घट्ट, तितकी ती वाट बंद, आणि तितके फोड मोठे.

सुताराची टोचणी घेऊन फळी तपासली. उजवीकडे टोक जेमतेम दोन मिलिमीटर रुतले. डावीकडे कोपऱ्यापासून सुमारे २०० मिलिमीटरपर्यंत ते जोर न लावता आत गेले. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, म्हणून सुतारकामात हा आकडा धोक्याची रेघ मानतात. डावा कोपरा ती रेघ केव्हाच ओलांडून गेला होता.

पाणी कुठून येते

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. घरच्यांना लगेच काम सुरू करायचे होते. मी चार दिवस मागून घेतले. एकच बाथरूम वापरणाऱ्या घरात चार दिवस मागणे अवघड जाते, पण फिनिश निवडण्याआधी पाण्याचा रस्ता कळलाच पाहिजे, यावर मी अडून राहिले.

पहिल्या दिवशी पाणसळ लावून फळीचा ढाळ बघितला. फळी आतल्या बाजूला, म्हणजे बाथरूमकडे, कलायला हवी होती. ती उलट खिडकीकडे तीन मिलिमीटर कललेली होती. शॉवरचा प्रत्येक थेंब वाहत जाऊन खिडकीच्या चौकटीला टेकून बसत होता. बाहेरच्या पट्टीचा ढाळ बाहेर आणि आतल्या पट्टीचा ढाळ आत, हा नियम. पण फळी बसवली तेव्हा शॉवर नव्हता, बादलीने आंघोळ व्हायची, त्यामुळे कोणाला त्याचा जाच झाला नव्हता. जुनी वस्तू तीच राहिली आणि तिच्यावरचे पाणी बदलले.

दुसऱ्या दिवशी शॉवर बंद ठेवून फळी पुसून कोरडी केली, वर खडूच्या रेघा मारल्या आणि खिडकीवर बाहेरून पाइपने पाणी सोडले. आधी खिडकीच्या खाली, मग चौकटीच्या खालच्या कडेला, मग काचेवर. खालून वर असाच क्रम ठेवावा लागतो. आधी वरून पाणी सोडले तर सगळेच ओले होते आणि गळती कुठली ते कळत नाही. काचेवर पाणी सोडल्यावर दहा मिनिटांत डाव्या कोपऱ्यातली खडूची रेघ विरघळली.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचणारच असते. ते बाहेर जावे म्हणून ट्रॅकला बाहेरच्या अंगाने लहान भोके ठेवलेली असतात. या खिडकीची दोन्ही भोके पांढऱ्या सिमेंटने लिंपलेली निघाली. टाइल्सचे सांधे भरताना कोणीतरी "नीट दिसावे" म्हणून तीही भरून टाकली होती. ट्रॅक भरला की पाणी आतल्या कोपऱ्यातून फळीच्या टोकात उतरायचे.

लाकडाचे टोक म्हणजे लाकडाचा सगळ्यात तहानलेला भाग. झाडात पाणी ज्या नळ्यांतून उभे चढते, त्या नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात. फळीच्या पाठीपेक्षा टोक कितीतरी पट वेगाने पाणी ओढते. इथे दोन्ही टोके गिलाव्यात गाडलेली, त्यांना रंग लागलेला नाही, आणि फळीचा तळही तसाच कोरा. म्हणजे सहा बाजूंपैकी दिसणाऱ्या दोनच बाजूंना रंग होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही करायचे नव्हते, फक्त बघायचे होते. सकाळी तिघांच्या आंघोळी झाल्या की काचेवरून दव ओघळून खाली जमा होत होते. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २१ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि सकाळची काच त्याहून थंड असणे नेहमीचेच. बाथरूमला पंखा नव्हता. खिडकी उघडायची, तर समोर डबे ठेवलेले.

म्हणजे शॉवर, ट्रॅक आणि दव असे तिन्हीकडून येणारे पाणी एकाच कोपऱ्यात जाऊन थांबत होते. यातले एकही पाणी रंग बदलून अडणार नव्हते.

पर्याय

हे सगळे समजावून सांगितल्यावर प्रश्न बदलला. आता विचारायचे होते ते असे: कोणती वस्तू इथे ओली राहूनही टिकेल, आणि तिच्या कडा आपण कशा बंद करू?

पुन्हा रंग किंवा अळशीचे तेल. तेलाची सूचना बाबांची होती, पूर्वी ते तसेच करत. कोरड्या खोलीतल्या लाकडाला तेल छान लागते. पण कायम दमट जागेत कच्चे अळशीचे तेल बुरशीला खाद्य होते आणि लाकूड काळे पडते. त्यांनी घरी ते कधी वापरायचे ठरवलेच, तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, असेही मी आवर्जून सांगितले. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

लाकूड ठेवून वर पक्का लेप. हा पर्याय मी मनापासून तपासला, कारण घरातल्या एका माणसासाठी ती नुसती फळी नव्हती. रीत अशी: फळी काढायची, महिना-दीड महिना सावलीत वाळवायची, कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडायचा, सहाही बाजूंना पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) मुरवायचे आणि वर दोन घटकांचे पॉलियुरेथेन लावायचे. नुसते इपॉक्सी पुरत नाही, उन्हाने ते पिवळे पडते आणि त्याची भुकटी होऊ लागते. काच उन्हातली तीव्र अतिनील किरणे बरीचशी अडवते, पण सौम्य अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतोच. लाकडी होड्या याच पद्धतीने वर्षानुवर्षे टिकवतात. पण होडीचा मालक दरवर्षी तिच्यावरून हात फिरवतो, ओरखडा दिसला की घासून पुन्हा लेप देतो. खिडकीखालच्या पट्टीवर रोज धातूचा डबा सरकतो, बादलीची कडी आपटते. लेपाला एक चीर पडली की पाणी आत जाते आणि अख्खा लेप त्याला आतच कोंडून ठेवतो. या घरात दरवर्षी ते काम कोण करील, असे मी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. ते मी नकार म्हणून धरले.

लॅमिनेट लावलेला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) मी यादीत घेतलाच नाही. हिरव्या रंगाचा दमटपणा सोसणारा एमडीएफही साचलेल्या पाण्यात फुगतो. पीव्हीसीची तयार पट्टी पाण्याला उत्तम, पण ती उन्हाने लांबी बदलते. एक मीटरला ३० अंशांच्या फरकाने दीड ते अडीच मिलिमीटर, आणि तितकी हालचाल कडेच्या सांध्याला सोसावी लागते. शिवाय बाबांचा हात तिच्यावर पडणार होता, ती पोकळ असते. नको.

भिंतीच्याच टाइल्स पट्टीवर वळवणे हा मिस्त्रींचा आवडता पर्याय, आणि तो वाईट नव्हता. मात्र भिंतीची साधी टाइल इथे चालत नाही. तिची पाणी शोषण्याची क्षमता वजनाच्या १० टक्क्यांच्या वर असू शकते. पोर्सेलिन टाइलची अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते. सांधे इपॉक्सी ग्राउटने भरायचे, कारण सिमेंटचा ग्राउट पाणी पितो. अडचण होती ती सांध्यांच्या जागेची. ११०० मिलिमीटरमध्ये तीन-चार सांधे येणार, नेमके जिथे पाणी थांबते तिथे, आणि पुढची कड झाकायला धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी लागणार. अखंड दगड मिळाला नसता तर मी हाच पर्याय निवडला असता.

मग राहिले चार: संगमरवर, ग्रॅनाइट, कृत्रिम क्वार्ट्ज आणि अॅक्रिलिकचा अखंड पत्रा. दगडवाल्याकडून चारांचे तुकडे आणले आणि आठवडाभर त्याच बाथरूममध्ये ठेवले. प्रत्येक तुकड्यावर संडास साफ करायच्या आम्लाचा थेंब, डोक्याचे तेल, केसांचा रंग आणि नळाचे पाणी टाकून एक रात्र तसेच राहू दिले. आठवड्यात ते तीनदा केले.

संगमरवराने पहिल्याच रात्री उत्तर दिले. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे आम्लाच्या थेंबाखाली फेस आला आणि चकाकी कायमची गेली. लिंबू आणि व्हिनेगरही हेच करतात, फक्त सावकाश. अॅक्रिलिकवर केसांच्या रंगाचा डाग राहिला, पण बारीक घासणीने तो निघाला. ओरखडे घासून काढता येणे हा त्याचा मोठा गुण, आणि सांधे दिसत नाहीत असे जोडता येतात हा दुसरा. क्वार्ट्जला काहीच झाले नाही. पण त्याची भुकटी पॉलिएस्टर रेझिनने बांधलेली असते आणि ते रेझिन सततच्या उन्हात पिवळे पडते. ही खिडकी पश्चिमेची, दुपारनंतर पट्टीवर थेट ऊन. एका आठवड्यात हा दोष दिसणार नव्हता, तरी मी तो मोजला. ग्रॅनाइटवर तेलाचा गडद ठसा उमटला. आम्लाचा काही परिणाम नाही, ओरखडा नाही. तेलाच्या ठशावर इलाज आहे: दगडात मुरून त्याची छिद्रे बंद करणारा सीलर.

बाबांची फळी

तांत्रिकदृष्ट्या निर्णय झाला होता, घरात झाला नव्हता. सुनेला ग्रॅनाइट पटला, मुलाला टाइल्स स्वस्त पडतात म्हणून त्या हव्या होत्या, आणि बाबा गप्प होते.

मी फळी सोडवून घेतली आणि तिचा तळ त्यांना दाखवला. डावे टोक हातात भुगा होऊन येत होते. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "उजवी बाजू अजून चांगली आहे ना?" होती. कुजलेला भाग कापल्यावर साडेआठशे मिलिमीटर खणखणीत लाकूड उरले. ते वाळवून घासून बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, टॉवेल ठेवायच्या जागी, बसवायचे ठरले. तिथे त्याला तेलच लावले, कारण तिथे हवा खेळती आहे.

हे संभाषण मी पहिल्याच भेटीत करायला हवे होते. तीन भेटी मी ओलीबद्दल बोलत राहिले आणि ज्या माणसाचा विरोध होता त्याला फळीचा तळ कोणी दाखवलाच नव्हता.

हात टेकायचा प्रश्न वेगळा सोडवला. पट्टी कितीही भक्कम असली तरी ओल्या, घोटलेल्या दगडावर हात घसरतो. स्टुलाच्या बाजूला भिंतीत पक्का धरायचा दांडा बसवला आणि पट्टीच्या पुढच्या कडेचा धारदार कोपरा घासून गोल केला.

काम

दगड म्हणून ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा घेतला, २० मिलिमीटर जाडीचा, मध्यम करडा, बारीक ठिपक्यांचा. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट सुनेला आवडला होता. नळाचे पाणी जड आहे, आणि जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या चकचकीत दगडावर सगळ्यात जास्त दिसतात. ते घालवायला माणूस आम्ल हातात घेतो. दगडाला त्याचे काही होत नाही, पण सांध्यातला सिमेंट आणि नळाचा मुलामा खराब होतो. दगडाचा रंग निवडताना पुढे कोणती बाटली हातात येणार, तेही ठरत असते. म्हणून ठिपक्यांचा दगड.

आधी खिडकीची भोके मोकळी केली. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते हे बघितले, मग पुढचे काम. खालचा सिमेंटचा थर खरवडून नव्याने ढाळ दिला, ४० ला १ या प्रमाणात, आतल्या बाजूला. १७० मिलिमीटर खोलीला साधारण चार मिलिमीटर. मिस्त्रींनी सवयीने ढाळ बाहेर ठेवायला सुरुवात केली होती. मी तिथे नसते तर दगड तसाच बसला असता. म्हणून आता मी ढाळाची दिशा भिंतीवर पेन्सिलने बाण काढून दाखवते.

ढाळावर लवचीक वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. हा थर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वीतभर वर चढवला आणि मागे चौकटीला नेऊन भिडवला. खरे काम या थराचे. दगड वरचा झिजणारा पृष्ठभाग आहे, सांधा उद्या फुटला तरी पाणी या थरावर अडून आत वळते.

दगड पूर्ण अंथरलेल्या चिकटवणीवर बसवला, चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून नाही. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचते आणि हात टेकल्यावर दगडाला तडा जाऊ शकतो. फिकट दगडातून करडी चिकटवणी डागासारखी वर दिसते, म्हणून पांढरी वापरली. पुढची कड भिंतीच्या पुढे २० मिलिमीटर काढली आणि तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, करवतीने लांबभर खाच पाडली. ओघळणारे पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते, नाहीतर ते दगडाच्या तळाने मागे सरकत भिंतीत जाते. दगडाची टोके बाजूच्या टाइल्सच्या खाली गेली, टाइल्स दगडावर उभ्या राहिल्या. उलटे केले तर वरून येणारे पाणी थेट सांध्यात उतरते.

दगड आणि चौकट यांच्यात पाच मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली. तिच्यात आधी फोमची दोरी दाबली आणि वर सिलिकॉन भरले. दोरीमुळे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटते आणि ताणले जाऊ शकते. तळालाही चिकटले तर अॅल्युमिनियम तापून हलताना ते फाटते. सिलिकॉन उदासीन प्रकारचे घेतले. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते, ते सिमेंटला आणि चुनखडीच्या दगडांना चालत नाही.

इथे एक चूक झाली. दगडाची खाच कापताना उडालेली बारीक धूळ उजव्या बाजूच्या फटीत राहिली होती. ओल्या फडक्याने पुसली होती, पण ती चिखल होऊन तिथेच वाळली. दोन आठवड्यांनी त्या बाजूचे सिलिकॉन नखाने सोलून निघाले. सगळे काढून, फट कोरडी झाडून, स्पिरिटने पुसून पुन्हा भरले आणि दोन दिवस शॉवर बंद ठेवला. सिलिकॉन वरून आत वाळत जाते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. हात लावून कोरडे वाटले म्हणजे वाळले असे नाही.

सीलर सगळ्यात शेवटी, दगड आणि खालची चिकटवणी वाळल्यावर. दगडावर पाण्याचा थेंब पंधरा मिनिटे ठेवायचा. खालचा दगड गडद झाला तर सीलर हवा. झाला होता. दोन हात दिल्यावर थेंब मण्यासारखा उभा राहू लागला. त्याच सुमारास पंखाही बसवला, आंघोळीनंतर वीस मिनिटे चालत राहील असा.

निकाल

दीड वर्षाने मी पुन्हा जाऊन तपासले. दगड जसाच्या तसा. भिंतीवर ओल नाही, खालच्या टाइल्सच्या सांध्यांत लोणा नाही. पट्टीखाली प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला होता, सकाळी त्याच्या आत थेंब नव्हते. पुढच्या कडेखालच्या खाचेत चुन्याची बारीक रेघ धरली आहे. म्हणजे पाणी तिथे तुटते आहे, खाच काम करते आहे.

सगळेच नीट राहिले असे नाही. दाढीच्या फेसाच्या डब्याचे गंजाचे गोल वर्तुळ दगडात उतरले, ते पूर्ण गेले नाही. सीलर तेल-पाणी अडवतो, आठवडे तिथेच बसलेला गंज नाही. आणि डाव्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर काळे ठिपके आले. सिलिकॉनमधले बुरशीनाशक कालांतराने संपते, आणि तो कोपरा शॅम्पूच्या बाटल्यांनी झाकलेला असल्यामुळे कधी वाळतच नव्हता. तेवढा तुकडा कापून नवा भरला. आता बाटल्यांसाठी भिंतीवर जाळीचा कोनाडा आहे.

पुन्हा करायचे झाले तर

खिडकीची भोके मी पहिल्या दहा मिनिटांत बघेन. ती दुसऱ्या दिवशी सापडली, आणि तीही पाइपने पाणी सोडल्यावर. एक काडी घालून बघितले असते तरी कळले असते.

दगडाची कापाकापी बाथरूममध्ये होऊ देणार नाही. खाच आणि कडेची गोलाई दगडवाल्याकडेच करून आणली तर फटीत धूळ जाणार नाही, आणि ती धूळ श्वासातही जाणार नाही. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना कायमची इजा करते. त्या दिवशी मिस्त्रींनी तोंडाला नुसता रुमाल बांधला होता. मी त्यांना थांबवायला हवे होते, थांबवले नाही.

अॅक्रिलिकला मी थोडे कमी लेखले का, हा विचार अजून मनात आहे. तो पत्रा बाजूच्या भिंतींवर वळवून एकच द्रोणासारखा आकार करता आला असता. दगड आणि टाइलमधला सांधा तिथे राहिलाच नसता आणि काळ्या ठिपक्यांचा प्रश्नही कदाचित आला नसता. चौकटीपाशी सिलिकॉन मात्र तिथेही लागलेच असते. ज्या घरात पट्टीवर ऊन कमी आणि पाणी जास्त, तिथे पुढच्या वेळी मी आधी त्याचा विचार करेन.

काम संपल्यावर सुनेला एक जुना दातांचा ब्रश दिला. महिन्यातून एकदा ट्रॅकची भोके त्याने झाडायची आणि तांब्याभर पाणी ओतून बघायचे. दीड वर्षाने गेले तेव्हा तो ब्रश खिडकीच्या कडीला दोऱ्याने बांधलेला होता. तांब्या आता बाबा ओततात.